तान्ह्या बाळाची बाटली आणि अंगणाखालची शिशाची नळी

प्रश्न : ताई, आम्ही शिकागोत राहतो. दोन वर्षांपूर्वी १९२६ साली बांधलेलं विटांचं जुनं घर घेतलं. मागच्या महिन्यात शहराच्या पाणी खात्याचं पत्र आलं की आमच्या घराला पाणी आणणारी सर्व्हिस लाइन शिशाची आहे. मुलगी पाच महिन्यांची आहे. दिवसा मी अंगावर पाजते, रात्री मात्र बाटलीचं दूध, तेही नळाच्या पाण्यात पावडर कालवून. सासूबाई कराडहून आल्या आहेत. त्या पाणी वीस मिनिटं खळखळ उकळतात आणि तांब्याच्या कळशीत भरून ठेवतात. नवऱ्याने टीडीएस मीटर बुडवला, १६० आलं, त्यामुळे तो निर्धास्त आहे. शहराकडून बाटली मागवून तपासणीही केली. ४ पीपीबी, म्हणजे अब्जात चार भाग, शिसं निघालं, आणि पत्रात लिहिलंय की मर्यादा १५ आहे. म्हणजे सगळं ठीक आहे का? फ्रिजमध्ये फिल्टर आहे, तो पुरेल का? नळी बदलायला प्लंबरने पंचवीस हजार डॉलर सांगितले. आणि सासूबाई विचारतात, कराडच्या घरी पण हे असेल का? – एक आई, शिकागो

उत्तर :

आज रात्रीपासून बाळाची पावडर नळाच्या पाण्यात कालवू नका. दुकानातून बाटलीबंद पाणी आणा आणि फिल्टरची नीट सोय होईपर्यंत तेच वापरा. तुमच्या पत्रात घाईची गोष्ट एवढीच आहे, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. अंगावरचं दूध मुळीच बंद करू नका. आईच्या रक्तात शिसं फार म्हणजे फारच चढलेलं असेल तरच डॉक्टर दूध थांबवायला सांगतात, आणि ४ पीपीबीच्या पाण्याने तशी वेळ येत नाही.

आता हे शिसं येतं कुठून ते बघू, कारण तिथेच तुमच्या घरातल्या तिघांचेही आडाखे चुकताहेत. मिशिगन सरोवराचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडतं तेव्हा त्यात शिसं जवळजवळ नसतंच. रस्त्याखालची मोठी जलवाहिनी लोखंडाची, तिच्यातही ते मिळत नाही. शिसं मिळतं ते शेवटच्या टप्प्यात, म्हणजे रस्त्यातून तुमच्या अंगणाखालून बेसमेंटमध्ये शिरणाऱ्या बोटभर जाडीच्या नळीत. शिकागोत ही नळी शिशाचीच टाका असा शहराचा दंडकच होता आणि तो थेट १९८६ पर्यंत टिकला. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने देशभर शिशाच्या नळ्यांवर बंदी घातली, तेव्हा कुठे तो सुटला. म्हणूनच आज अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त, जवळपास चार लाख, शिशाच्या जोडण्या एकट्या शिकागोत आहेत. शिसं मऊ, सहज वाकणारं, सांधायला सोपं आणि गंज न धरणारं, त्यामुळे जुन्या प्लंबरांचा त्याच्यावर जीव होता. ते विषारी आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असं मात्र अजिबात नाही.

नळीतून वाहणारं पाणी शिसं थोडंथोडं विरघळवत राहतं. ते कमी व्हावं म्हणून शहर पाण्यात फॉस्फेट घालतं. त्याने नळीच्या आत एक पातळ थर बसतो आणि पाणी व धातू यांच्यात आडोसा तयार होतो. मिशिगनमधल्या फ्लिंट गावाची गोष्ट तुमच्या कानावर आलीच असेल. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं, आणि हा आडोसा धरून ठेवणारं रसायन घालायचंच सोडून दिलं. नळ्या जुन्याच होत्या, पण थर सुटला आणि शिसं घरोघरच्या पेल्यांत उतरलं. तुमच्याकडे तो थर सध्या शाबूत असावा. ४ हा आकडा तेच सांगतो.

पण तो आकडा कुठल्या पाण्याचा आहे, हा माझा पुढचा प्रश्न. आयुष्याची बरीच वर्षं प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासण्यात गेल्यामुळे मला आकड्याआधी बाटली कशी भरली हे विचारायची खोड आहे. रात्रभर पाणी न वापरता सकाळी नळ सोडला, तर पहिला लिटर येतो तो स्वयंपाकघरातल्या नळाच्या आणि भिंतीतल्या पाइपाच्या पोटातला. अंगणाखाली शिशाच्या नळीत रात्रभर मुरलेलं पाणी मागून येतं, चौथ्या, पाचव्या, कधी आठव्या लिटरला. पहिली बाटली भरून तुम्ही नळ बंद केला असेल, तर ज्या नळीबद्दल पत्र आलं तिचं पाणी तुम्ही तपासलेलंच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, शास्त्रज्ञांनी तुमच्याच शहरातल्या ३२ घरांत ओळीने बाटल्या भरून हेच दाखवलं होतं. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. घरासमोर खोदकाम, मीटर बसवणं, नळीची दुरुस्ती असं काही झालं असेल, तर तिथे शिसं आणखी वाढलेलं दिसलं, कारण हादऱ्याने आतला थर सुटतो. आता ईपीएच्या नव्या नियमातही शिशाची नळी असलेल्या घरांत पहिला आणि पाचवा असे दोन्ही लिटर तपासायला सांगितले आहेत.

तेव्हा परत तपासायचं असेल तर किमान सहा तास घरात कुठेच पाणी न वापरता, मधे नळ बंद न करता, एकामागून एक बाटल्या भरा. त्यातली पहिली, पाचवी आणि सातवी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेला द्या. आदल्या रात्री नळ मुद्दाम सोडून ठेवायचा नाही आणि नळाच्या तोंडाची जाळीही काढायची नाही, नाहीतर आकडा उगाच गोंडस येतो. आणि एवढं करून तिन्ही बाटल्यांत चांगले आकडे आले, तरी मी बाळासाठी फिल्टरच लावीन. एका सकाळचा आकडा म्हणजे एका सकाळचा आकडा. उद्या शेजाऱ्याच्या दारात जेसीबी आला की तो बदलेल.

१५ ची मर्यादा ही तब्येतीची मर्यादा आहे असा समज पत्र वाचून होतो, आणि त्यात तुमचा दोष नाही, पत्रं तशीच लिहिलेली असतात. शहराने तपासलेल्या घरांपैकी दहा टक्क्यांहून जास्त घरांत १५ ओलांडलं, तर शहराला हातपाय हलवावे लागतात, असा तो १९९१ चा प्रशासकीय आकडा आहे. प्रक्रिया करून पाणी कुठपर्यंत आणता येईल याचा अंदाज घेऊन तो ठरवला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नियमाने तो १० वर आणायचं ठरलं आहे. तब्येतीचं उद्दिष्ट म्हणून त्याच ईपीएने लिहिलेला आकडा शून्य आहे. तुलनेसाठी सांगते, बाटलीबंद पाण्याला तिथे ५ ची मर्यादा आहे, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना शाळांतल्या नळांना १ च्या आत ठेवा म्हणते. तुमचं ४ हे भयंकर नाही. मोठ्या माणसाला मी त्यावरून झोप उडवून घेऊ देणार नाही. पण पाच महिन्यांच्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा मोठा भाग जर त्या पाण्यातच कालवलेला असेल, तर हिशोब बदलतो. मोठ्यांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगात राहतो, तान्ह्या मुलांत निम्म्यापर्यंत. आणि मेंदूची जडणघडण चालू असते ती त्याच वयात.

आता सासूबाईंचं उकळणं. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांवर तो अक्सीर इलाज आहे, आणि कराडला पावसाळ्यात गढूळ पाणी यायचं तेव्हा त्या उकळण्यानेच घर सांभाळलं असणार. त्यांना दुखवू नका. पण शिसं हा जंतू नव्हे, ते उकळून मरत नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. दोन लिटर पाणी वीस मिनिटं खळखळवून दीड लिटरवर आलं, तर ४ चं सव्वापाच होतं. म्हणजे त्या बिचाऱ्या गॅस जाळून बाळाचं पाणी घट्ट करताहेत. तांब्याच्या कळशीनेही शिसं शोषलं जात नाही. बाळासाठी तर तांब्यात साठवलेलं पाणी नकोच, लहान मुलांना जास्त तांबंही सोसत नाही. पाणी आधी फिल्टर करा आणि हवं तर मग एक उकळी आणा, उकळी आली की बंद. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर घेऊन जा.

तुमच्या यजमानांच्या मीटरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे आरओ विकणाऱ्यांनी हा मीटर घराघरांत पोचवला आणि त्याने फार गोंधळ केला. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. लिटरमागे एक मिलिग्रॅमहून बारीक त्याला दिसत नाही. १५ पीपीबी म्हणजे लिटरमागे ०.०१५ मिलिग्रॅम. १६० मध्ये बहुतेक सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांचे सोबती. त्यात शिसं शून्य असलं काय आणि शंभर पीपीबी असलं काय, मीटर १६०च दाखवणार. ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर मोहरीचा दाणा ठेवल्यासारखं आहे ते. मीटर परत डब्यात ठेवा.

फ्रिजच्या फिल्टरचं उत्तर त्या फिल्टरवरच लिहिलेलं असतं. कार्ट्रिज बाहेर काढून त्यावरचा बारीक मजकूर वाचा. अमेरिकेतल्या फिल्टरच्या मानकांपैकी एनएसएफ/एएनएसआय ४२ एवढंच असेल तर तो क्लोरीनचा वास आणि चव घालवतो, शिशाचा त्याला पत्ता नाही. ५३ हा आकडा हवा, आणि त्याच्यापुढे शिसं कमी करतो असं स्पष्ट नाव घेऊन लिहिलेलं हवं. नुसतं ५३ पुरत नाही, कारण त्या मानकात बरेच पदार्थ आहेत आणि कंपनी त्यातला एखादाच घेऊन प्रमाणपत्र मिळवू शकते. शिशासाठीच्या कसोटीत १५० पीपीबीचं पाणी आत सोडतात आणि बाहेर ५ च्या वर आलं तर फिल्टर नापास. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट पाण्यावर ही परीक्षा होते. आरओ घेणार असाल तर त्याचं मानक ५८. तोही चालेल, पण तुमच्या पाण्याला आरओची गरज नाही, उगाच निम्मं पाणी मोरीत जाईल. सिंकखाली बसणारा, नळाच्या तोंडाला लागणारा किंवा साधा जगही चालतो, त्या फिल्टरवर प्रमाणपत्र तेवढं असू द्या. तीन गोष्टी सांभाळा : कार्ट्रिज सांगितलेल्या वेळी बदलायचं, गरम पाणी त्यातून कधीही जाऊ द्यायचं नाही, आणि समोर रस्ता खोदला तर तारखेची वाट न बघता नवं घालायचं.

या फिल्टरचं पाणी बाळाच्या बाटलीला, तुम्हाला प्यायला, आणि स्वयंपाकाला. स्वयंपाक लोक विसरतात. भात, आमटी, चहा, कणीक, सगळीकडे पाणीच आहे, आणि भात तर घातलेलं सगळं पाणी पिऊन टाकतो. बाळाचं नाचणीचं सत्त्व सुरू कराल तेव्हा तेही याच पाण्यात शिजवायचं. आपल्याकडे एक सवय असते की चहाचं आधण लवकर यावं म्हणून गरम नळाचंच पाणी भांड्यात घ्यायचं. ती इथे सोडायची, कारण गरम पाणी शिसं जास्त विरघळवतं आणि बंबात तासन्‌तास पडूनही असतं. भांडी घासणं, भाजी धुणं, कपडे, अंघोळ यांना नळाचं पाणी बिनधास्त वापरा. कातडीतून ते शिसं आत जात नाही. बाळाला अंघोळ घालताना ती पाणी गिळणार नाही एवढं बघा.

फिल्टर असला तरी सकाळी किंवा बाहेरून आल्यावर, सहाएक तास पाणी थांबलेलं असेल तर, गार पाणी पाच मिनिटं सोडा. अंगणाखालच्या नळीच्या पोटात साधारण पाच-सहा लिटर पाणी असतं आणि स्वयंपाकघरातला नळ मिनिटाला सहा ते आठ लिटर देतो, तेव्हा पाच मिनिटांत ती कित्येकदा धुऊन निघते. कुणी आधी अंघोळ केली किंवा कपड्यांचं मशीन लावलं, तर ते काम आपोआप झालं. सासूबाईंना पाणी असं सोडून दिलेलं पाहवणार नाही, त्यांनी बादली लावावी, फरशी आणि झाडं दोन्ही होतील. महिन्यातून एकदा नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. शिशाचे सुटलेले कण तिथे अडकून बसतात आणि येणाऱ्या पाण्यात विरघळत राहतात.

आता पंचवीस हजार. पहिल्यांदा स्वतः खात्री करा, कारण शहराची पत्रं पुष्कळदा जुन्या नोंदींवरून लिहिलेली असतात. बेसमेंटमध्ये जमिनीतून किंवा भिंतीतून नळी जिथे वर येते, मीटरच्या आधी, तिथे किल्लीने हलकेच खरवडा. खाली चकचकीत चंदेरी दिसलं, धातू मऊ लागला आणि लोहचुंबक चिकटलं नाही तर ते शिसं. तांबं असेल तर तांबूस दिसेल. चुंबक चिकटलं तर जस्त चढवलेलं लोखंड. नंतर हात धुवा आणि पडलेला कीस ओल्या कागदाने टिपून टाका.

शिशाची निघाली, तर मनात एक गोष्ट पक्की करा : बदलायची तर रस्त्यापासून मीटरपर्यंत पूर्ण. अर्धी शिशाची ठेवून पुढे तांब्याची जोडली की दोन धातूंच्या सांध्यापाशी विजेची साखळी तयार होते आणि शिसं झपाट्याने झिजायला लागतं. वर कापाकापीच्या हादऱ्याने जुना थरही सुटतो. अशा अर्धवट कामानंतर पाण्यातलं शिसं महिनोन्‌महिने वाढलेलं राहू शकतं. इलिनॉय राज्याच्या २०२१ च्या कायद्याने असं अर्धवट काम करायला, काही अपवाद सोडले तर, मनाईच केली आहे. एखादा प्लंबर ‘आपल्या हद्दीतलं तेवढं स्वस्तात करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पैशाचं म्हणाल तर तुम्हाला सांगितलेला भाव शिकागोच्या मानाने अवाच्या सव्वा नाही, तिथे हे काम महागच पडतं. तरी दोघा-तिघांकडून अंदाज घ्या, आणि न खोदता नळी ओढून घेणारे आहेत का ते विचारा. स्वतःहून बदलणाऱ्यांना शहर परवान्याचं शुल्क माफ करतं, आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरमालकांना नळी फुकट बदलून देण्याची योजनाही आहे. शहराच्या ३११ या मदत क्रमांकाला फोन करून दोन्ही विचारा. नळी गळायला लागली किंवा फुटली तर शहर ती स्वतःच्या खर्चाने पूर्ण बदलतं, हेही ध्यानात ठेवा. शहर आपण होऊन तुमच्या दारी येईल याची वाट बघायची म्हणाल, तर २०२५ मध्ये समोर आलेल्या त्यांच्या आराखड्यात सगळ्या नळ्या बदलून व्हायला २०७६ साल उजाडणार आहे. तुमची लेक तेव्हा पन्नाशीची असेल.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते : यासाठी आज कर्ज काढू नका आणि अडीनडीला ठेवलेली पुंजीही मोडू नका. नीट निवडलेला आणि वेळेवर बदललेला फिल्टर बाळाला पुरेसं संरक्षण देतो. दोन-तीन वर्षांत घराचं दुसरं काही मोठं काम निघेल किंवा तुमच्या गल्लीतली जलवाहिनी बदलायला शहर येईल, तेव्हा नळी बदला. मात्र समोरच्या फलकावर जलवाहिनीच्या कामाची नोटीस लागली तर त्या दिवसांत जास्त जपा. आणि नळी बदलल्यावरही लगेच फिल्टर काढून टाकू नका. सहा महिने तो तसाच असू द्या, कारण नियमातही नव्या नळीनंतर तेवढा काळ फिल्टर द्यायला सांगितलं आहे. १९२६ च्या घरात भिंतींत जुने जस्ताच्या मुलाम्याचे पाइप असतील, तर इतकी वर्षं शिशाच्या नळीतून आलेलं शिसं त्यांच्या गंजात जाऊन बसलेलं असतं, ते सावकाश सुटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या जागी मी असते तर पाण्याच्या आधी खिडक्यांकडे बघितलं असतं. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली. १९२६ च्या घरात त्याआधीचे थर नक्की असणार, वरून कितीही नवा रंग मारलेला असला तरी. खिडकी वर-खाली करताना चौकटीवर घासून त्याची धूळ होते, ती उंबऱ्यावर आणि जमिनीवर पडते. तुमची लेक महिना-दोन महिन्यांत रांगायला लागेल आणि तो हात तोंडात जाईल. मुलांच्या रक्तातल्या शिशाचं सगळ्यात मोठं कारण अजूनही हेच आहे. कोरडा झाडू बंद करा, खिडक्यांचे उंबरे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. रंग खरवडण्याचं काम शिशाच्या रंगाचं प्रशिक्षण घेतलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्या, आणि त्या दिवशी बाळाला घेऊन मैत्रिणीकडे जा.

मग सासूबाईंच्या बॅगेकडे. बाळाला काजळ घालू नका, विशेषतः विकतचं काजळ किंवा सुरमा. काही सुरम्यांमध्ये मुख्य घटकच शिशाची भुकटी असतो. विकतच्या शेंदरातही शिसं सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिले आहेत, म्हणून देवाजवळची डबी बाळाच्या हाती लागू देऊ नका. बाळगुटी किंवा भस्म गावाकडून आलं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक थेंबही नको. २००४ साली बॉस्टनमधल्या दुकानांतल्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. हळदीत पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळण्याचे प्रकार घडले आहेत. ‘आम्ही हळकुंडं आणून दळतो’ म्हणून निर्धास्त राहू नका, कारण तो रंग हळकुंडांनाच चोळतात. आणि तुमच्याकडे गावाहून आणलेली हिंदालियमची कढई किंवा पातेली असेल, तर ती कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊ द्या. अशा मिश्रधातूच्या आणि काही पितळी भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं, असं त्याच प्रशासनाने २०२५ मध्ये जाहीर केलं. स्टीलच्या भांड्यांबद्दल काळजी नाही.

एवढं सगळं वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यावर उतारा रक्ततपासणीचा आहे. बाळाच्या टाचेतून किंवा बोटातून थेंबभर रक्त घेतात. शिकागोत लहान मुलांची ही तपासणी करण्याचा नियमच आहे, साधारण वर्षाची आणि दोन वर्षांची झाल्यावर. पण पत्र आल्याचं सांगितलंत तर डॉक्टर आताही करतील. आकडा डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आला, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात आणि घरात शिसं कुठून येतंय याचा शोध सुरू होतो. बोटातल्या तपासणीत हाताला लागलेल्या धुळीनेही आकडा फुगतो, म्हणून पहिल्या आकड्यावरून रडू नका. सोबत लोह तपासून घ्या. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की पोट शिसं जास्त ओढून घेतं. लोहाचे थेंब द्यायचे का, किती, हे डॉक्टर सांगतील.

राहिलं कराडचं घर. भारतात शिशाच्या सर्व्हिस लाइनी तुमच्या शहरासारख्या सरसकट कधी टाकल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे जुन्या घरांत जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप आणि नंतर पीव्हीसी. शंका घ्यायची ती पीव्हीसीवर. प्लास्टिक उष्णतेत आणि उन्हात टिकावं म्हणून त्यात वर्षानुवर्षं शिशाची संयुगं घालत असत, आणि ती पाण्यात थोडी उतरतात, पाइप नवा असताना जास्त. २०२१ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्यावर नियम केले, पण आधी बसवलेले पाइप भिंतींतच आहेत, गच्चीवरचे तर उन्हात तापत. दुसरी जागा पितळी नळ. पितळ कापायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं असतं, त्यामुळे रात्रभर नळात राहिलेलं पहिलं पाणी पिण्याला घेऊ नये. सकाळी उठून पहिली बादली धुण्या-भांड्याला भरायची जुन्या बायकांची रीत इथे उपयोगाची आहे.

खात्री हवी असेल तर सासरेबुवांना एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाणी द्यायला सांगा. नगरपालिकेची किंवा आरओवाल्याची नेहमीची ‘पिण्यायोग्य आहे का’ ही तपासणी जंतू, क्षार आणि गढूळपणा यांवरच बहुधा थांबते, त्यात शिसं येत नाही. ते नाव घेऊन मागायचं, बाटली प्रयोगशाळेकडूनच आणायची, आणि ती सकाळी पहिल्या पाण्याने भरायची. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० पीपीबी, आणि त्यात सूट नाही. अहवालात ‘०.०५ पेक्षा कमी’ असं काही छापून आलं, तर समजा की त्यांचं यंत्र तेवढं बारीक मोजतच नाही, आणि दुसरी प्रयोगशाळा शोधा.